पाव फेरा ढिला

पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात सुतळी होती.

प्रेमकथेत नायक येताना निदान पाऊस तरी पडावा, एवढी माफक अपेक्षा असते. पण ऑक्टोबर चालू होता, आणि वाघोलीत ऑक्टोबरमध्ये जे काही ओलं होतं ते गळक्या टँकरच्या कृपेने. असाच एक टँकर नुकताच दुकानापुढून गेला, रस्त्यावरची धूळ पाच मिनिटांसाठी खाली बसली, आणि त्या पाच मिनिटांत आमोद आत आला. हेल्मेट काढलं, केस हाताने नीट केले — ते नीट झाले नाहीत — आणि काउंटरवर सुतळीचा एक तुकडा ठेवला.

"एवढ्या लांबीचा ब्रेक पाइप पाहिजे," तो म्हणाला. "स्टीलच्या जाळीचा."

काउंटरमागे तनुजा होती. तिने सुतळीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा सुतळीकडे.

दुकान तिच्या वडिलांचं, मच्छिंद्रअण्णांचं. जेसीबी, पोकलेन, कारखान्यातले प्रेस, यांच्या अंगात तेल खेळवणारे जाड पाइप इथे बनतात. ऑपरेटर फुटलेला पाइप मारलेल्या सापासारखा खांद्यावर टाकून येतो. अण्णा तेवढाच नवा कापतात, दोन्ही टोकांना लोखंडी तोंडं बसवतात, मशीनमध्ये दाबून घट्ट करतात, तेलाच्या दाबाखाली पाच मिनिटं ठेवून तपासतात आणि वर ॲल्युमिनियमची एक पट्टी लावतात. पट्टीवर तारीख आणि नाव ठोकलेलं असतं: मच्छिंद्र. वीस वर्षांत त्या पट्टीवर दुसरं नाव आलेलं नव्हतं. तनुजा चोवीस वर्षांची, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली, आणि गेली तीन वर्षं दुकानातले निम्म्याहून जास्त पाइप तीच बनवत होती. तिचा हात अण्णांपेक्षा साफ आहे हे ऑपरेटरसुद्धा मान्य करायचे. पण पट्टीवर नाव मच्छिंद्र. आणि गिऱ्हाईक आलं की हिने हात पुसून काउंटरवर.

ते असो. सुतळी.

कुठून कुठपर्यंत मोजलं, असं तिने विचारलं. हँडलवरच्या ब्रेकपासून पुढच्या चाकापर्यंत, तो म्हणाला. हँडल सरळ ठेवून की वळवून? सरळ ठेवून.

"म्हणजे तुम्ही कधी वळत नाही?"

"वळतो की."

"मग पहिल्याच वळणाला हा पाइप ताणला जाईल आणि उपटून निघेल. म्हणजे एकदाच वळाल."

आमोद येरवड्याचा, जन्माने पुणेकर. टोमणा ऐकून नुसतं निघून जाणं त्याच्या संस्कारात नव्हतं. त्याने भिंतींवरून नजर फिरवली. "पाटी लावायला हवी होती तशी," तो म्हणाला. "सरळ माणसांना माल मिळणार नाही."

तनुजा हसली नाही. म्हणजे, तोंडाने नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. तो लोणी काळभोरच्या एका कॉलेजात लायब्ररीत काम करायचा. बाईक भावाची, बारा वर्षं जुनी. पाठ दुखते म्हणून त्याने उंच हँडल बसवून घेतलं होतं, त्यामुळे बाजारातला तयार पाइप तोकडा पडत होता. आणि पुढचा ब्रेक... दाबला की दांडी पार मुठीला टेकायची. मेकॅनिकने सांगितलं की जुना रबरी पाइप दाबाने फुगतो, अर्धं बळ त्या फुगण्यातच जातं. स्टीलची जाळी फुगत नाही. मागच्या आठवड्यात थेऊरजवळ तो उसाच्या ट्रॉलीमागे एक वीत राखून थांबला होता. त्या वीतभर जागेत आपलं सगळं आयुष्य दिसलं, तो म्हणाला, आणि ते फारच थोडं होतं.

हे शेवटचं वाक्य ऐकून तनुजाने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

आतून अण्णा म्हणाले, "ब्रेकचं काम आपण करत न्हाय."

ते कधीच करत नव्हते. जेसीबीचा पाइप फुटला तर काम थांबतं, ब्रेकचा फुटला तर माणूस थांबत नाही, असा त्यांचा साधा हिशोब. पण तनुजाने वर्षभरापूर्वीच ब्रेकची बारीक तोंडं मागवून ठेवली होती. टेफ्लॉनची नळी, वरून स्टीलच्या तारांची वेणीसारखी घट्ट वीण, तिच्यावर पारदर्शक कव्हर. असे दहा तुकडे तिने बनवून, ब्रेकला लागेल त्याच्या कितीतरी पट दाबाखाली तपासून, एका डब्यात ठेवले होते. ती आत गेली आणि तो डबा अण्णांच्या पुढ्यात ठेवला. आत बराच वेळ काही बोलणं झालं. आमोदला फक्त शेवटचं ऐकू आलं, कारण ते अण्णांनी मुद्दाम मोठ्याने म्हटलं.

"कर. पट्टीवर नाव तुझं ठोक. पर एक जरी पाइप परत आला, तर हात धुवायचे आन् काउंटरवर बसायचं. कायमचं."

तनुजा बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. उद्या बाईक घेऊन या, ती म्हणाली. मी स्वतः मोजते. आणि सुतळी घरी ठेवा.

तो आला. तिने बाईक मधल्या स्टँडवर घेतली, हँडल डावीकडे पार टोकापर्यंत वळवलं, मग उजवीकडे, पुढचं चाक अधांतरी लटकू दिलं आणि टेप लावला. आमोदचं काम होतं हँडल धरून उभं राहायचं. डावीकडे म्हटलं की डावीकडे. हे काम त्याने इतक्या मन लावून केलं की एकदा तिचं बोट हँडल आणि टाकीच्या मधे सापडलं. ती ओरडली नाही. बोट झटकत म्हणाली, लायब्ररीत पुस्तकं तरी नीट ठेवता ना? आमोद म्हणाला, पुस्तकांना बोटं नसतात.

सुतळी नऊ सेंटिमीटरने तोकडी निघाली.

शनिवारी पाइप तयार झाला. तनुजाने पट्टीवर एक-एक अक्षर ठोकलं. त-नु-जा. तीन ठोके, एक उकार आणि एक काना. ठोकताना तिचा हात हलला आणि 'नु' जरा तिरका पडला. आमोदला तो तिरका 'नु' फार आवडला, पण हे कुणाला सांगायचं, आणि कसं.

आता एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नवा ब्रेक पाइप बसवला की त्याच्यात हवा असते, आणि हवा असेपर्यंत ब्रेक लागत नाही, नुसता स्पंजासारखा दबतो. ती हवा काढायला माणसं दोन लागतात. एकाने हँडलवरची दांडी दाबून धरायची. दुसऱ्याने खाली चाकापाशी बसून ब्लीडर — म्हणजे एक छोटासा पोकळ बोल्ट — पाव फेरा ढिला करायचा. तेल आणि बुडबुडे बाहेर येतात. ब्लीडर परत आवळला, की मगच वरच्याने दांडी सोडायची. आधी सोडली तर बाहेरची हवा उलटी आत जाते, आणि सगळं पहिल्यापासून.

दुकानामागच्या पत्र्याच्या सावलीत ते दोघं बसले. म्हणजे ती बसली, चाकापाशी, हातात पाना आणि पारदर्शक नळी. तो वर उभा.

"दाबा," ती म्हणायची. "धरा."

तो धरायचा.

"सोडा."

तो सोडायचा. नळीतून बुडबुडे बाटलीत जायचे. दाबा... धरा... सोडा. दहा-बारा वेळा झालं. तिच्या कपाळावर एक बट आली, दोन्ही हात तेलकट, म्हणून ती बट फुंकरीने उडवायला लागली. पहिल्या फुंकरीला बट हलली नाही. दुसऱ्या फुंकरीला आमोदने दांडी सोडली.

"कुणी सोडायला सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"हात... सुटला."

तिने वर बघितलं. तो कुठे बघत होता ते तिला कळलं, आणि कळलं हे त्यालाही कळलं. मधे पुढचं चाक होतं, म्हणून बरं. हवा गेली आत, ती म्हणाली. आता पहिल्यापासून. आणि गंमत बघा, आवाजात राग नव्हता. पहिल्यापासून करायला चाळीस मिनिटं लागली. या चाळीस मिनिटांत तिला कळलं की त्याला पेरू मीठ न लावता आवडतो, आणि त्याला कळलं की तिला स्वतःचं दुकान काढायचंय, फक्त ब्रेक पाइपचं, आणि हे तिने अजून अण्णांना सांगितलेलं नाही. शेवटी दांडी दगडासारखी घट्ट झाली. तिने त्याला चौकापर्यंत फिरून यायला सांगितलं. तो गेला, ब्रेक लावला, बाईक जागच्या जागी थांबली, आणि मागच्या रिक्षावाल्याने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

झालं. काम संपलं.

आणि इथेच खरी अडचण. काम संपलं की माणूस परत कशाला येणार? पुढचे पंधरा दिवस आमोद रोज दुकानावरून गेला. कधी तनुजा आत मशीनवर दिसायची, कधी नाही. थांबायला कारण नव्हतं. हवा भरायची असती तर पंक्चरवाला शेजारी होता, आणि चहा समोर मिळायचा. पाइपच्या दुकानात तुम्ही सहज जात नाही. सव्विसाव्या वर्षी एका सरळ माणसाला 'सहज आलो' एवढे दोन शब्द म्हणता येऊ नयेत, हे वाईट आहे, पण असतात असे लोक.

सोळाव्या दिवशी सकाळी त्याने पार्किंगमध्ये बसून ब्लीडर पाव फेरा ढिला केला, दांडी दाबली आणि आवळायच्या आधीच सोडली. दोनदा. तिनेच शिकवलं होतं, काय करायचं नाही ते.

मग मागच्या ब्रेकवर, वीसच्या स्पीडने, तो वाघोलीला आला आणि म्हणाला, "ब्रेक जरा मऊ लागतोय."

त्याच्या डोळ्यांपुढे काय होतं ते उघड आहे. पत्र्याची सावली, दाबा, धरा, सोडा. पण काउंटरपाशी अण्णा उभे होते. त्यांनी बाहेर येऊन दांडी दाबली. ती मुठीला टेकली. त्यांनी तनुजाकडे बघितलं आणि एकच वाक्य बोलले.

"परत आला."

तनुजाने पाइप काढला. तपासणीच्या मशीनवर लावला, पाच मिनिटं. थेंब नाही. पुन्हा पाच मिनिटं. काटा हलला नाही. तिसऱ्यांदा लावला, दोन्ही तोंडांना कोरडा कागद गुंडाळून. कागद कोरडाच राहिला. दोष असता तर सापडला असता. नसलेला दोष कसा शोधणार? तिने तोंडं उलटसुलट करून बघितली, भिंग लावून बघितली. अण्णा बाजूला उभे राहून मशीनचा काटा बघत होते, आणि ते जास्त वाईट होतं.

आमोदने तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याच्या तोंडाशी आलंही. पण तेवढ्यात तनुजा त्याच्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असणार. सॉरी. तुम्हाला रस्त्यात काही झालं असतं म्हणजे..."

वाक्य तिने पूर्ण केलं नाही. त्यानंतर आमोदला तोंड उघडता आलं नाही. अण्णांनी दुसरीकडून त्या लांबीचा रबरी पाइप मागवून स्वतः बसवला, हवा काढली, बाईक दिली. पाइपवरची पट्टी त्यांनी कापून काढली आणि खिशात टाकली. तनुजाने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि काउंटरवर जाऊन बसली. तो निघाला तेव्हा ती कुणाला तरी वॉशरचे साइज सांगत होती. तिने मान वर केली नाही.

त्या दिवशी लायब्ररीत आमोदने इतिहासाची अकरा पुस्तकं रसायनशास्त्राच्या कपाटात लावली.

तिसऱ्या दिवशी तो बसने आला. दोन बस बदलून, उभ्याने. काउंटरवर तनुजा होती, तिने सरळ विचारलं, आता काय झालं? त्याने मान हलवली आणि म्हणाला, तुमच्याकडे नाही, अण्णांकडे काम आहे. आत गेला. मशीन चालू होतं. अण्णांनी ते बंद केलं. मग तनुजाला आतलं सगळं ऐकू आलं, आणि समोरच्या दोन ऑपरेटरांनाही.

"अण्णा, पाइपात दोष नव्हता. हवा मी घातली होती. ब्लीडर ढिला करून. मुद्दाम."

अण्णांनी हातातला पाइप खाली ठेवला.

"का?"

"इथे परत यायला कारण पाहिजे होतं."

"ऱ्हायला कुठं?"

"येरवड्याला."

"कामाला?"

"लोणी काळभोरला."

"मग हडपसरवरून जायचं सोडून वाघोली कशाला मधी येती? बारा पंधरा किलोमीटर जास्त पडत्यात."

"हो," आमोद म्हणाला. "रोज पडतात."

एक ऑपरेटर हसला. दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. अण्णा म्हणाले की पोरी, पाऊस, फुलं यांच्यापायी येडी झालेली माणसं त्यांनी बघितली होती, पण ब्रेकात हवा घालणारं हे पहिलंच. मग खिशातून पट्टी काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि काउंटरकडे बोट केलं. "हे तिचं हाय. तूच दे. आन् जे मला सांगितलं ते तिला सांग. समदं."

सांगायची गरज नव्हती. तनुजा आत येऊन उभी होती.

"मुद्दाम हवा घालून तुम्ही नगर रोडवरून आलात?"

"वीसच्या स्पीडने. मागच्या ब्रेकवर."

"माझं नाव होतं त्या पाइपवर."

"माहितेय."

"तुम्ही कुणाला धडकला असतात तर पोलिसांनी पट्टी वाचली असती. तनुजा. आणि परवा मी तुम्हाला सॉरी म्हणाले." ती एक पाऊल पुढे आली. "एवढ्यासाठी? या की मग. चालत या. 'तनुजा, तुम्हाला भेटायला आलो' म्हणा. तोंड नाही तुम्हाला?"

"नव्हतं," आमोद म्हणाला. "तुम्ही मला आवडता. हे पहिल्या दिवसापासून खरं आहे, आणि हवा घातली हेही खरं आहे. पहिलं ऐकून दुसरं माफ करा असं मी म्हणत नाही. पण तुमचं काम चोख होतं, ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं म्हणून आलो."

तिने पट्टी घेतली, आणि म्हणाली, जा आता. तो गेला. दोन बस बदलून, उभ्याने.

पुढच्या आठवड्यात एकदा बोलावणं आलं, पण अण्णांचं. बाईक घेऊन या, पाइप बसवायचाय. तनुजाने नवी पट्टी ठोकून तोच पाइप बसवला. दांडी दाबायला या वेळी अण्णा होते. ते बरोबर सांगितल्यावरच सोडत होते, त्यामुळे काम पंधरा मिनिटांत उरकलं. तनुजा आमोदशी कामापुरतं बोलली: हजार किलोमीटरनंतर तेल बघा. तो बरं म्हणाला. बस्स. पण त्या दिवशी काउंटरवर अण्णा बसले होते आणि 'बारीक काम हाय का? आत जा, पोरगी करती' असं लोकांना सांगत होते, एवढं त्याने बघितलं आणि त्या समाधानावर घरी गेला. ते समाधान फार पुरलं नाही. पण जवळ तेवढंच होतं.

मग शनिवार आला.

आमोद पुन्हा बसने आला. बाईक घरी होती, धडधाकट. काउंटरसमोर चार जण उभे होते, तो त्यांच्या मागे उभा राहिला. नंबर आल्यावर अण्णांनी चष्म्यावरून बघितलं.

"काय पायजे?"

"काही नको. काही बिघडलेलं नाही." त्याने श्वास घेतला. "तनुजाला भेटायला आलोय."

"काय नको असणाऱ्यांची लाइन आत हाय," अण्णा म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

ती मशीनपाशी होती. त्याला बघून तिने काम थांबवलं नाही. हातातला पाइप पुरा केला, नीट गुंडाळून ठेवला, हात पुसले. बराच वेळ लावून पुसले, एकेक बोट. मग खुंटीवरची दोन हेल्मेटं काढली आणि एक त्याच्याकडे दिलं.

"बसने आलास?"

तो 'हो' म्हणायला विसरला. तिच्या तोंडून हे पहिल्यांदाच 'आलात'चं 'आलास' झालं होतं.

"मी सोडते येरवड्याला," ती म्हणाली. "स्कूटर माझी, चालवणार मी. आणि मला अजून राग आहे. वाघोलीचं ट्रॅफिक सुटेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

शनिवारचं वाघोलीचं ट्रॅफिक. ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पुढे डंपर, शेजारी कॉलेजची बस, मागे कुणाचं तरी लग्नाचं वऱ्हाड, सगळे जागच्या जागी उभे. दहा मिनिटं झाली. वीस झाली. आमोद मागे ताठ बसला होता, हात स्वतःच्या गुडघ्यांवर, ओठ घट्ट मिटून. एक शिंक आली तीसुद्धा त्याने दाबली. स्कूटर चार हात पुढे जायची आणि थांबायची, पुन्हा चार हात. चाळीस मिनिटांत ते पेट्रोल पंपापर्यंत पोहोचले. आरशात तिला त्याचा अर्धा चेहरा दिसत होता. अर्ध्या चेहऱ्याने माणूस इतका प्रामाणिक दिसू शकतो, याची तिला कल्पना नव्हती.

ट्रॅफिक सुटायचं चिन्ह नव्हतं. कदाचित आजच्या दिवसात सुटलंही नसतं.

तनुजाने स्कूटर बंद केली. मागे वळली नाही, डंपरच्या पाठीकडे बघतच म्हणाली, "मलाही आवडतोस. बोल आता."